तिकीट हातात, पाय दवाखान्यात
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून थेट विमानं सुरू झाल्यापासून या सदराच्या टपालाचा सूर बदलला आहे. आधी ‘स्वस्तात तिकीट कधी मिळतं’ एवढंच लोक विचारायचे. आता निम्मी पत्रं ‘घरात असं झालं, तिकिटाचं काय करू’ अशी असतात. या वेळी तीच एकत्र घेतली आहेत. ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे आणि काही प्रश्न आखूड केले आहेत.

उत्तरं वाचताना दोन खाती वेगळी ठेवा. काही रक्कम नियमाने तुमचीच असते, ती ठणकावून मागायची. काही सवलती कंपनीच्या मर्जीवर असतात, त्या नीट कागद जोडून आणि गोड बोलून मागायच्या. लोक नेमकं उलटं करतात आणि दोन्हीकडे हात हलवत परत येतात.

आम्ही पती-पत्नी आणि दोन मुलं उद्या संध्याकाळी कोल्हापूरहून मुंबईमार्गे दिल्लीला निघणार होतो. सासूबाई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, उद्याच ऑपरेशन आहे. पती आणि धाकटा मुलगा थांबतील. मोठीची दिल्लीत परीक्षा असल्याने मला तिच्यासोबत जावंच लागेल. चौघांचं तिकीट एकाच पीएनआरवर आहे, वेब चेक-इनही झालंय. दोघांचंच रद्द होतं का?
— वाचिका, राजारामपुरी

होतं, पण क्रम चुकवू नका. आधी त्या दोघांचं वेब चेक-इन मागे घ्या. चेक-इन झालेलं तिकीट बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर ऑनलाइन रद्दच होत नाही, बटण फिकट दिसत राहतं आणि माणूस साइट बंद पडली असं समजून बसतो. बोर्डिंग पास काढला असला तरी ‘चेक-इन रद्द करा’ हा पर्याय सापडतो. नाही सापडला तर कॉल सेंटरला सांगून काढून घ्या.

त्यानंतर पीएनआर फोडायचा. कंपन्यांच्या भाषेत याला ‘स्प्लिट’ म्हणतात आणि फोनवर हाच शब्द वापरा, समोरच्याला लगेच कळतं. फोडल्यावर पती आणि मुलाला नवा सहा अक्षरांचा पीएनआर मिळेल, तुमचा आणि मुलीचा जुनाच राहील. नवा पीएनआर मेलवर किंवा मेसेजमध्ये आल्याशिवाय पुढचं काही करू नका. मग फक्त नव्या पीएनआरवर रद्द करा. काही साइटवर न फोडताही प्रवासी निवडून रद्द करता येतं, पण तिथे चारही नावांपुढे आधीच खूण केलेली असते. घाईत ती तशीच राहिली की परीक्षेचं तिकीटही जातं. शेवटी जुना पीएनआर पुन्हा उघडून मायलेकींच्या जागा, जेवण आणि जादा सामान जागेवर आहे ना, ते पाहा. फोडताना हे कधी कधी गळतं.

कोल्हापूर–मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई–दिल्ली दुसरीचं असेल तर ही सगळी कसरत दोन्हीकडे स्वतंत्र करायची. एकीकडचं रद्द झालं म्हणून दुसरी कंपनी आपोआप काही करणार नाही.

आता रद्द करायचं की तारीख बदलायची? तारीख बदलली की दर माणशी, दर टप्प्याला बदलाचं शुल्क लागतं आणि वर त्या दिवसाच्या भाड्यातला फरक. शुल्क दिसतं, फरक दिसत नाही, आणि ऐनवेळी मोठा खर्च फरकाचाच असतो. कमी भाड्याच्या तिकिटाला अनेकदा रद्द करून नंतर नवं काढणं परवडतं. दोन्ही आकडे पडद्यावर आणून पाहा, शेवटचं बटण दाबेपर्यंत पैसे जात नाहीत. खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी कधी सोडतील हे डॉक्टरांनाही आज सांगता येणार नाही, त्यामुळे अंदाजाने तारीख टाकू नका. चुकली तर दुसऱ्या बदलाचं शुल्क पुन्हा पहिल्यापासून.

आणि हे सगळं करण्याआधी जुने मेल, मेसेज चाळा. कंपनीने मध्यंतरी तुमच्या विमानाची वेळ स्वतःहून बरीच पुढेमागे केली असेल, तर बहुतेक कंपन्या त्यावर फुकट बदल किंवा पूर्ण परतावा देतात. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतं, त्या सुमाराच्या तिकिटांना हे हमखास तपासावं. अशा मेलवर तुम्ही ‘मान्य’ दाबलं असेल तर मात्र ती संधी गेली.

वडील पहाटे गेले. त्याच दिवशी दुपारी माझं बेंगळुरूचं विमान होतं. त्या गडबडीत तिकिटाची आठवण कुणाला राहते? आठवड्याने एजंटकडे गेलो तर ‘नो-शो झालाय, नॉन-रिफंडेबल होतं, शून्य रुपये’ असं म्हणाला. खरंच काही मिळत नाही?
— वाचक, इचलकरंजी

मिळतं, आणि ते मागायला मृत्यूचं कारणही सांगावं लागत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए. त्यांच्या परताव्याच्या नियमांत १ ऑगस्ट २०१६ पासून स्पष्ट आहे की तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा प्रवासी आलाच नाही (म्हणजे नो-शो), तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यायची. तिकीट ऑफरमधलं असो, मूळ भाडं ‘नॉन-रिफंडेबल’ असो, या रकमेला ते लागू नाही. दुसरं, रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही.

आकडे मांडून बघू. समजा तिकीट ५,२०० रुपयांचं होतं. त्यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून ४,१००, त्यावर ५ टक्के जीएसटी २०५, विमानतळ विकास शुल्क आणि सुरक्षा शुल्क धरून ६९५, आणि बुकिंग साइटची ‘सोय फी’ २००. कंपनीच्या तक्त्यात रद्द करण्याचं शुल्क ४,५०० छापलेलं असलं तरी तुमच्याकडून जास्तीत जास्त ४,१०० कापता येतात. राहिलेले २०५ आणि ६९५, म्हणजे ९०० रुपये तुमचे. सोय फीचे २०० सोडून द्या. रक्कम लहान वाटते, पण कुटुंबाची पाच तिकिटं असली की साडेचार हजार होतात, आणि न मागितल्यामुळे ती कंपनीकडेच पडून राहते.

एजंटला लेखी सांगा, मेल किंवा व्हॉट्सॲप चालेल: ‘या पीएनआरवर नो-शो कर परतावा घालावा आणि कंपनीने दिलेल्या रकमेचा तपशील पाठवावा.’ तीच ओळ विमान कंपनीच्या मेलवरही टाका. एजंटाने आपली फी कापायला हरकत नाही, मात्र ती तिकीट काढताना सांगितलेली हवी. परताव्याची जबाबदारी नियमाने कंपनीवर आहे, एजंट तिचा प्रतिनिधी धरला जातो. ‘कंपनीकडून आलेच नाहीत’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

पुढच्या वेळी, आणि हे सगळ्यांसाठीच, विमान सुटण्याआधी कुणी तरी तिकीट हलवायला हवं. रद्द किंवा बदल करण्याची खिडकी देशांतर्गत विमानाला साधारण दोन ते चार तास आधी बंद होते, नेमकी वेळ तिकिटाच्या अटींत असते. हे काम दुःखातल्या माणसानेच करायला हवं असं नाही. पीएनआर आणि आडनाव माहीत असलेला भाचा किंवा शेजारीही ते करू शकतो. अडतं ते ओटीपीपाशी. अनेक एजंट बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल आणि मेल टाकतात, मग ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि रात्री दुकान बंद असतं. तिकीट काढतानाच ‘माझा नंबर घाला’ असं बजावा.

जाण्यायेण्याचं तिकीट एकत्र असेल तर नो-शोचा आणखी एक फटका असतो. जाताना बसला नाहीत म्हणून पुष्कळ कंपन्या परतीचं तिकीटही काढून टाकतात. जाणं रद्द आणि येणं हवं, असं असेल तर फोन करून तसं नोंदवूनच घ्या.

मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर विमान कंपनीला पूर्ण पैसे द्यावेच लागतात, असं ऐकलं. कोणती कागदपत्रं लागतात? सासरे घरीच गेले, महापालिकेचा दाखला अजून हातात नाही.
— वाचिका, कसबा बावडा

‘द्यावेच लागतात’ हे बरोबर नाही. कुटुंबातल्या मृत्यूसाठी किंवा आजारपणासाठी मूळ भाडंही परत करण्याचं सरसकट बंधन आपल्याकडे कंपन्यांवर नाही. तरी बऱ्याच कंपन्या कागद पाहून शुल्क माफ करतात, निदान रक्कम पुढच्या प्रवासासाठी ठेवतात. प्रवासी स्वतः गेला असेल तर पूर्ण परतावा देण्याकडे कल असतो. नात्यातलं कुणी गेलं असेल तर आई-वडील, सासू-सासरे, पती-पत्नी, मुलं आणि भावंडं यांच्यापर्यंत विचार होतो. चुलते, मावशी, आजी-आजोबा यांच्यासाठी कंपनीगणिक उत्तर वेगळं.

कागद तीन प्रकारचे. घटना दाखवणारा, नातं दाखवणारा आणि तारीख जुळवणारा. अर्ज अडकतो तो बहुधा दुसऱ्यापाशी, कारण लोक फक्त मृत्यूचा दाखला पाठवून मोकळे होतात. तुमच्या बाबतीत सासऱ्यांचं नाव पतीच्या आधार किंवा पासपोर्टवर वडील म्हणून असेल आणि तुमचं नातं विवाह नोंदणीवरून किंवा तुमच्या पासपोर्टवरच्या पतीच्या नावावरून जुळेल. रेशन कार्डावर सगळे एकत्र असतील तर तेही जोडा.

घरी मृत्यू झाला तर उपचार करणारे डॉक्टर नमुना ४-अ मध्ये मृत्यूचं कारण लिहून देतात. रुग्णालयात झाला तर नमुना ४. हा कागद आणि स्मशानभूमीतली दहनाची पावती दुसऱ्याच दिवशी हाती असते. महापालिकेचा दाखला यायला वेळ लागला तर या दोन्हींवर अर्ज टाका आणि ‘दाखला मिळताच पाठवतो’ असं त्यातच लिहा. अर्जाला तक्रार क्रमांक मिळाला की तारीख पकडली जाते, ते महत्त्वाचं. मृत्यूची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत करून घ्या, नंतर तिला वेगळे सोपस्कार लागतात.

आजारपणासाठी नुसतं ‘बेड रेस्ट’ लिहिलेलं चिटोरं चालत नाही. लेटरहेड, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, दाखल झाल्याची तारीख, निदान आणि ‘या तारखेपर्यंत प्रवास करू नये’ हे वाक्य. शेवटचं वाक्य मुद्दाम मागून घ्या. आणि तिकीट आधी रद्द करा, मग माफीचा अर्ज करा. अर्जाच्या उत्तराची वाट बघत विमान सुटू दिलं तर नो-शो होतो आणि मग मर्जीही आटते.

रद्द केलं तर पोर्टल म्हणतं, पैसे ‘क्रेडिट शेल’मध्ये जातील. आम्हाला रोख हवेत. — वाचक, जयसिंगपूर

क्रेडिट शेल म्हणजे कंपनीकडे तुमच्या नावाने ठेवलेली रक्कम. ती मुदतीत आणि बहुधा त्याच प्रवाशासाठी वापरावी लागते. ती घ्यायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने परस्पर लादायचं नाही, असं डीजीसीएचा नियम सांगतो. ‘मूळ खात्यात परतावा’ हा पर्याय पुष्कळदा त्याच पानावर खाली, लहान अक्षरांत असतो. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर रद्द केल्यापासून ७ दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. अपवाद मर्जीच्या खात्यातला: नियमाबाहेर जाऊन कंपनी शुल्क माफ करते तेव्हा ती रक्कम शेलमध्येच देते, आणि तिथे हट्ट धरून उपयोग नाही.

मुलगा अमेरिकेत शिकून आता ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) नोकरी करतो. त्याच्या आजोबांची प्रकृती अगदी शेवटाला आली आहे. तिकीट आत्ताच काढावं का, जाण्यायेण्याचं काढावं का, तिथे मृत्यूसाठी सवलतीचं भाडं असतं म्हणतात ते काय, आणि परत जाताना व्हिसाची अडचण येईल का? — वाचक, गडहिंग्लज

प्रश्न चार आहेत आणि शेवटचा सगळ्यात आधी सोडवायचा, कारण तिकिटाचे पैसे बुडाले तर पुन्हा मिळवता येतात.

मुलाने पासपोर्ट उघडून व्हिसाच्या स्टॅम्पची तारीख बघावी. स्टॅम्प संपला असला तरी तिथे राहणं कायदेशीर असू शकतं, पण एकदा बाहेर पडला की परत शिरायला नवा स्टॅम्प लागतो. त्यासाठी भारतात मुलाखत, आणि सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीशिवाय नूतनीकरणाची सोय बरीच आखडली आहे. स्टॅम्प चालू असेल तर आय-२० या विद्यापीठाच्या कागदावरची प्रवास-सही बघायची. शिकत असलेल्यांना ती वर्षभर चालते, ओपीटीवर असलेल्यांना सहाच महिने. ही सही विद्यापीठाचं कार्यालय ऑनलाइन देऊ शकतं, पण तिकडच्या शुक्रवारी संध्याकाळी कुणी नसतं. त्यामुळे आजोबांची बातमी गंभीर आहे म्हटल्यावर आजच अर्ज टाकावा. सोबत कामाच्या परवान्याचं ईएडी कार्ड आणि नोकरीचं पत्र हवं. तुमच्या ओळखीत कुणाचा ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल तर त्यांचं प्रकरण वेगळं. एच-१बी, एल-१ अशा काही ठरावीक व्हिसांवर नसलेल्यांनी ‘ॲडव्हान्स परोल’ (परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता देश सोडला तर अर्जच सोडून दिला असं धरलं जातं. तातडीच्या कारणासाठी हा परोल तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या स्थानिक कार्यालयात मागता येतो.

भाड्याची सवलत. अमेरिकेतल्या डेल्टा आणि अलास्का, कॅनडातली एअर कॅनडा आणि वेस्टजेट यांच्याकडे जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी वेगळं भाडं असतं, पण ते सगळ्या मार्गांवर मिळतं असं नाही. ते बहुधा साइटवर दिसत नाही, फोन करून मागावं लागतं. मृताचं नाव, नातं, रुग्णालयाचा किंवा अंत्यविधीच्या ठिकाणाचा फोन विचारतात. हे भाडं सगळ्यात स्वस्त असतंच असं नाही. त्याचा खरा फायदा म्हणजे परतीची तारीख बदलणं सोपं जातं. प्रवास झाल्यावर मागून ते मिळत नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला ‘नंतर अर्ज केलात तरी चालेल’ असं सांगितलं होतं आणि कंपनीने पुढे हात वर केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. त्या प्रवाशाकडे संभाषणाचा स्क्रीनशॉट होता, म्हणून जमलं. कुठल्याही चॅटवर कुणी काही कबूल केलं की तो पडदा टिपून ठेवायची सवय लावावी.

आत्ताच काढावं का? प्रकृती शेवटाला आहे आणि रजा मिळत असेल तर आत्ता यावं, हे आमचं मत. तिकिटाच्या हिशेबानेही ते फार चुकत नाही, कारण बातमी आल्यावर त्याच रात्रीची जागा सगळ्यात महाग असते. आठवडाभर पुढचं तिकीट काढणार असाल तर अमेरिकेहून निघणाऱ्या विमानांना एक सोय आहे. विमान सुटायला किमान ७ दिवस असताना थेट कंपनीकडे बुकिंग केलं, तर २४ तासांच्या आत ते फुकट रद्द करता येतं किंवा काही कंपन्या भाडं तेवढा वेळ धरून ठेवतात. देशांतर्गत विमानांना आपल्याकडेही बुकिंगनंतरचा थोडा वेळ अशाच अटीवर मोकळा असतो, नेमका किती ते तिकीट काढतानाच पाहा. पण उद्याच्या विमानाला यातलं काहीच लागू नाही, हे लोक विसरतात.

जाण्यायेण्याचं एकत्र काढावं, कारण लांबच्या मार्गावर दोन एकेरी तिकिटं बहुधा महाग पडतात. मात्र परतीचं भाडं बदल चालणाऱ्या वर्गातलं घ्यावं. रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी उरकलं तरी दहावा, बारावा, तेरावा आहे आणि पुढे बँकेची, वारसाची कामं निघतात. निघतानाच परतीची तारीख साधारण सोळाव्या-सतराव्या दिवसाची टाकली तर बदल टळण्याची शक्यता वाढते.

स्टॅम्प संपलेला असताना युरोपमार्गे येणं टाळावं. तिथल्या काही विमानतळांवर भारतीय पासपोर्टला नुसतं विमान बदलायलाही व्हिसा मागतात. दोहा, दुबई, अबू धाबीला विमानतळाच्या आतच थांबून पुढे जायचं असेल तर ही कटकट नाही.

आणि शेवटचे चारशे किलोमीटर. मुंबईत उतरून कोल्हापूरचं विमान वेगळ्या पीएनआरवर काढलं आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. इमिग्रेशन, सामान आणि टर्मिनल बदल धरून चार-पाच तासांचं अंतर ठेवा, नाही तर सरळ गाडी पाठवा. रस्त्याने सात-आठ तास लागतात, गडहिंग्लज त्याहून पुढे. विमान छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचं आहे की नवी मुंबईचं, हे आधी विचारा. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, एनएमआय असेल तर नवा. गोव्यातही तीच गंमत: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा.

भाऊ सौदीत ड्रायव्हर आहे. आईला आयसीयूत ठेवलंय. तिकीट आम्ही इथून काढलं, पण तो म्हणतो अजून निघता येत नाही. — वाचक, कागल

तिकीट आधी काढायला नको होतं. सौदीत कामाला असलेल्याला देश सोडून परत यायचं तर ‘एक्झिट री-एंट्री’ व्हिसा लागतो. तो नसेल तर तिकीट असूनही विमानतळावर अडवतात. कंपनी तो देते, किंवा काही प्रकारच्या कामगारांना स्वतः ‘अबशर’ या सौदी सरकारच्या ॲपवर अर्ज करता येतो. पण इकामा (तिथला राहण्याचा परवाना) चालू हवा, पासपोर्टची मुदत शिल्लक हवी, दंड थकलेला नको. यापैकी काय अडलंय ते भावाला नेमकं विचारा. फक्त मालकाची सही राहिली असेल तर आईच्या दाखल पत्राची इंग्रजी प्रत रुग्णालयाच्या शिक्क्यासह पाठवा, त्याने काम हलतं.

तोपर्यंत काढलेल्या तिकिटाची तारीख आजच बदला. परदेशी कंपनीचं असेल तर परताव्याला त्या कंपनीच्या देशाचे नियम लागतात, आपले डीजीसीएचे आकडे तिथे दाखवू नका. व्हिसा किती दिवसांचा निघाला ते पाहून त्याच्या आतली परतीची तारीख टाका. आईमुळे थांबावं लागलं तर मुदत संपायच्या आत ती इथून ऑनलाइन वाढवता येते. संपल्यावर मात्र परत जाणंच अवघड होऊन बसतं.

पुरामुळे महामार्ग बंद होता, म्हणून विमान चुकलं. विमान वेळेवर उडालं. पैसे मागता येतील? — वाचक, हातकणंगले

विमान उडालं असेल तर कागदोपत्री तो नो-शोच. कर तेवढे परत मागा. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ पाणी आल्यावर काही कंपन्यांनी सवलत दिलीही असेल, पण तशी सूचना साइटवर असायला हवी आणि विमान सुटण्याआधी मागायला हवी. पंचगंगा इशारा पातळी ओलांडली की नदीपलीकडच्या लोकांनी आदल्या दिवशीच कोल्हापुरात येऊन राहावं. रेल्वेही रुकडीला तीच नदी ओलांडते, तेव्हा तिचा भरवसा धरू नये. उलट पावसाने कंपनीनेच विमान रद्द केलं तर दुसरं विमान घ्यायचं की पूर्ण पैसे, ही निवड तुमची. हवामानामुळे रद्द झालं असेल तर वेगळी नुकसानभरपाई मात्र मिळत नाही.

वडिलांच्या अस्थी काशीला न्यायच्या आहेत. विमानात चालतं का? — वाचक, शाहूपुरी

चालतं. हातातल्या सामानात न्या, कारण चेक-इनचं सामान वाटेत चुकू शकतं. मृत्यूचा दाखला आणि दहनाची पावती, दोन्हींच्या मूळ प्रती जवळ ठेवा आणि आदल्या दिवशी कंपनीला कळवा. अडचण येते ती कलशाची. तांब्या-पितळेच्या भांड्याच्या आतलं एक्स-रेमध्ये दिसत नाही, मग ते उघडायला सांगतात आणि लाल कापड सोडताना घरच्यांना यातना होतात. मातीच्या, लाकडी किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून न्या, तांब्याचा कलश रिकामा बॅगेत ठेवा आणि घाटावर त्यात घ्या. गंगाजळ येताना चेक-इनच्या सामानात टाका, हातात १०० मिलीच्या वर द्रव सोडतीलच असं नाही.

कंपनी मेलला उत्तरच देत नाही. पुढे कुठे? आणि प्रवास विमा होता, त्याचं काय? — वाचिका, ताराबाई पार्क

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, नाव-मेल त्यांच्या साइटवर असतो. मग केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर पीएनआर, तारीख आणि मागितलेली नेमकी रक्कम घालून तक्रार. ‘न्याय द्या’ लिहिण्यापेक्षा ‘करापोटी ९०० रुपये द्या’ असं लिहिलं तर लवकर हलते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

विम्यात ‘प्रवास रद्द’ हे कलम आहे का, ते पाहा. असेल तर जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणं त्यात बहुधा येतं, पण आधीपासूनच्या आजाराने दाखल झाल्यास दावा नाकारतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक सासू-सासऱ्यांना बीपी-शुगर असतंच. निदानाच्या कागदावर कारण काय लिहिलंय, हे म्हणून निर्णायक ठरतं. दावा फक्त न मिळालेल्या रकमेचा असतो, त्यामुळे कंपनीने किती कापले आणि किती दिले याचं पत्र आधी लागेल. क्रेडिट कार्डासोबतचा फुकट विमाही तपासा. त्याच कार्डाने तिकीट काढलेलं असणं ही त्याची नेहमीची अट असते.